अस्सलबरहुकूम नव्हे : एका बेस गिटारच्या विक्रीनिमित्ताने

जुन्या वाद्यांच्या बाजारात 'ऑल ओरिजिनल' या दोन शब्दांइतके महाग शब्द नाहीत आणि त्यांच्याइतक्या बेफिकिरीने वापरले जाणारे शब्दही नाहीत, अशा निष्कर्षाप्रत आम्ही गेल्या काही महिन्यांत आलो आहोत. साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांपुढे बेस गिटारच्या विक्रीचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तसे ते नाही. मूळ कशाला म्हणावे, दुरुस्ती कोठे संपते आणि भेसळ कोठे सुरू होते, झालेला बदल सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न आपल्या वर्गांत वरचेवर निघतात. फरक इतकाच, की तेथे चुकीच्या उत्तराची किंमत सहसा कोणाला मोजावी लागत नाही. येथे लागते.

प्रकरण असे. आमच्या परिचयाचे एक बेस गिटारवादक, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, दोन वर्षांपूर्वी वारले. राहणार वसईचे. हॉटेलांतले बँड, लग्नांची रिसेप्शने, ऑर्केस्ट्रा, क्वचित एखादे रेकॉर्डिंग, अशी चाळीस वर्षे त्यांनी मागच्या ओळीत उभे राहून काढली. त्यांच्यामागे राहिलेल्या वस्तूंत मौल्यवान अशी एकच : 1960 च्या दशकात अमेरिकेत बनलेली फेंडर कंपनीची 'जॅझ बेस' ही गिटार. 1974 साली मुंबई सोडून निघालेल्या एका परदेशी वादकाकडून त्यांनी ती हप्त्याने घेतली होती. काकूंना ती आता विकायची आहे, कारण त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, ते 'तुम्ही भाषा शिकवता, तुम्हाला लिहिता येतं' या काकूंच्या समजुतीमुळे.

गिटारच्या पेटीत एक दोनशे पानी वही सापडली. तीत काकांनी या वाद्यावर झालेल्या प्रत्येक कामाची नोंद तारीख, कारागिराचे नाव आणि दिलेले पैसे यांसह केली आहे. 1979 : खाऱ्या हवेने मूळ दांडी पिळली, दुसऱ्या एका मोडक्या जॅझ बेसची दांडी आणून बसवली. 1983 : मागचा पिकअप बंद, पंख्याच्या मोटारी गुंडाळून देणाऱ्याकडून तार नव्याने गुंडाळून घेतली. 1986 : चारपैकी दोन खुंट्या बदलल्या. 1988 : रंग उडाला म्हणून मोटारींच्या गॅरेजमध्ये काळा रंग. 1992 : घोडीवरचे चारही आधार गंजले, लेथवर पितळेचे करून घेतले. 2001 : पडदे झिजले, नवे बसवले. तीन पॉटांपैकी टोनचा पॉट कधीतरी बदलला आहे, त्या नोंदीवर मात्र चहाचा डाग आहे. बॉडी, पुढचा पिकअप, दोन खुंट्या, व्हॉल्यूमचे दोन पॉट, घोडीची पट्टी आणि दांडीमागची क्रमांक कोरलेली धातूची चकती एवढे मूळचे उरले आहे.

ही यादी घेऊन आम्ही जुन्या गिटारींचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी दोन सल्ले दिले. पहिला असा, की रंग नवा आहे हे लपणार नाही, तेव्हा तेवढे सांगावे. बाकी 'ओरिजिनल' लिहावे आणि वही घरी ठेवावी. 'न विचारता कशाला सांगायचं?' दुसरा सल्ला अधिक व्यवहारी होता. गिटार सुटी करावी आणि भाग वेगवेगळे विकावेत. पुढचा पिकअप, चकती, दोन पॉट, दोन खुंट्या यांना अखंड गिटारपेक्षा एकूण जास्त पैसे येतील. आम्ही विचारले, सुटे भाग घेतो कोण? ते म्हणाले, ज्यांना आपली गिटार 'ऑल ओरिजिनल' करायची असते ते.

हे उत्तर आम्ही पुन्हा पुन्हा ऐकवून पाहिले, आणि दर वेळी ते अधिकच चमत्कारिक वाटले. एक वाजती गिटार मोडायची, तिचे अवयव दुसऱ्या गिटारीत घालायचे, आणि त्या दुसरीला 'अस्पर्शित' म्हणून विकायचे! तिच्यातला एकेक भाग त्या त्या वर्षाचाच असतो, एकही खोटा नसतो. खोटे असते ते संपूर्ण वाद्य. काकांच्या गिटारीचे नेमके उलटे आहे. तिचे निम्मे भाग परके आहेत, पण वाद्य म्हणून ती खरी आहे. ती काय आहे आणि कशी झाली हे ती सांगू शकते. बाजार पहिलीला मुजरा करतो आणि दुसरीला 'जोडगिटार' म्हणून हिणवतो. आमचे भांडण या उफराट्या प्रतिष्ठेशी आहे.

मुळात ज्याला हा बाजार 'मूळ' म्हणतो ते काय असते, ते पाहू. लिओ फेंडर हा वादक नव्हता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. 1951 साली त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि 1960 साली 'जॅझ बेस'. या वाद्यांच्या रचनेवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाची छाप स्पष्ट आहे. व्हायोलिनच्या परंपरेत दांडी सरसाने कायमची चिकटवतात. फेंडरने ती चार स्क्रूंनी जोडली. बिघडली तर काढा, दुसरी बसवा. बॉडी वेगळी, दांडी वेगळी, तारांचे काम वेगळे, आणि शेवटी सगळ्यांची जुळणी. दांडीच्या टाचेवरची तारीख आणि त्याच गिटारीतल्या पॉटवरची तारीख यांत काही महिन्यांचे अंतर असणे नेहमीचेच, कारण जुळणी करणाऱ्याच्या हाती जो भाग आला तो त्याने बसवला. क्रमांकाच्या चकत्याही क्रमवार लागत नसत. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गिटारही जोडगिटारच होती! ज्याने वाद्य सुटे होण्यासाठीच घडवले, त्याच्या नावाने ते कधीच सुटे होऊ नये असा धर्म चालवणे, हा त्या कारागिराचा सन्मान म्हणता येणार नाही.

पॉटांचे उदाहरण तर आपल्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना फार ओळखीचे वाटेल. या पॉटांवर सात आकडे कोरलेले असतात. पहिले तीन उत्पादकाचे (137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल), पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. काकांच्या गिटारीतले दोन्ही जुने पॉट 1966 चे आहेत. यावरून गिटार 1966 ची ठरते काय? ठरत नाही. फेंडर कंपनीने 1966 साली पॉटांचा इतका मोठा साठा घेतला होता, की 1960 च्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या गिटारींतही त्या वर्षाचे पॉट सापडतात. आकडा एवढेच सांगतो, की जुळणी त्याच्या आधीची नाही. कागदाच्या पाणचिन्हावरून पोथीचा काळ ठरवणारा कोणताही विद्यार्थी ही मर्यादा जाणतो. बाजार जाणत नाही असे नाही. त्याला जाणून घेणे परवडत नाही. तेव्हा '1966' असे ठणकावून लिहिण्याऐवजी '1966 च्या आधीची नाही' असे लिहिणे भाग आहे.

आता या धर्माचे अपवाद पाहू, कारण कोणत्याही धर्माचे खरे रूप त्याच्या अपवादांत दिसते. एरिक क्लॅप्टनने 1970 साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून 1950 च्या दशकातल्या सहा स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग एकत्र करून एक गिटार बनवली. तिचे नाव 'ब्लॅकी'. 2004 साली क्रिस्टीजच्या लिलावात या जोडगिटारीला 9,59,500 डॉलर आले. डेव्हिड गिलमरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची दांडी आणि पिकअप अनेकदा बदलले होते. 2019 साली तिला 39,75,000 डॉलर मिळाले, आणि तो लिलावात विकल्या गेलेल्या गिटारींचा त्या वेळचा विक्रम होता. म्हणजे भाग बदलल्याने किंमत बुडते हा नियम कीर्तिमान हातांपुढे गपगुमान बाजूला होतो. मोठ्याने बदलला तर तो इतिहास. वसईच्या वादकाने बदलला तर ती नासाडी.

बेस गिटारीतलेच उदाहरण हवे असेल तर जॅको पास्टोरियसचे घ्या. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीच्या जॅझ बेसचे सगळे पडदे काढलेले, खाचा बुजवलेल्या, दांडीवर नावांना लावतात त्या इपॉक्सीचे थर दिलेले. आजच्या जाहिरातीच्या भाषेत सांगायचे तर वाद्याचे वाटोळे केलेले! पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेस गिटार ही केवळ साथीची राहिली नाही याचे बरेचसे श्रेय या 'वाटोळ्या' वाद्याला जाते. पुढे ते तुकडे तुकडे झाले, कारागिरांनी ते पुन्हा सांधले, 1986 साली ते चोरीला गेले, दुसऱ्याच वर्षी पास्टोरियस वारला, आणि दोन दशकांनंतर वाद्य सापडल्यावर 2010 साली रॉबर्ट ट्रुजिलो या बेसवादकाच्या मदतीने ते कुटुंबाच्या ताब्यात आले. त्या वाद्यातले पडदे मूळचे आहेत काय, असे विचारणाऱ्याला लोक हसतील.

यावर कळस म्हणून आणखी एक गोष्ट. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून फेंडर कंपनी स्वतःच 'रेलिक' नावाने नव्या गिटारी विकत आली आहे. त्यांचा रंग मुद्दाम खरवडलेला, धातू मुद्दाम मळवलेला, कोपऱ्यांवर मुद्दाम पोचे पाडलेले असतात, आणि साध्या नव्या गिटारीपेक्षा त्यांना जास्त पैसे पडतात. खोट्या झिजेला जादा दाम, आणि खऱ्या झिजेवर केलेल्या खऱ्या दुरुस्तीला दंड! जुन्या गिटारीला पुन्हा रंग दिला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. रंग खरवडला तर वाढते, रंगवले तर घटते. या हिशेबात वाद्य वाजवणारा माणूस कोठेच नाही. सगळ्यांत महाग वाद्य ते, जे कोणी वाजवलेच नाही.

येथे आमच्याच बाजूचे काही लोक टाळ्या वाजवतील म्हणून त्यांच्याशीही चार शब्द बोलणे आवश्यक आहे. हे लोक म्हणतात, भाग कोणते याला काय महत्त्व? आत्मा नादात असतो. मग ते थीसिअसचे जहाज काढतात. फळ्या बदलत गेल्या तर जहाज तेच राहिले काय, असे विचारतात, आणि उत्तर न देता चहा मागवतात. आम्हाला हा पक्ष व्यापाऱ्याइतकाच बेजबाबदार वाटतो. जहाज तेच की निराळे, हा प्रश्न विक्रीच्या वेळी गैरलागू आहे. विकणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो फळ्या बदलल्याचे सांगितले की नाही, एवढाच. ज्याला न बदललेले वाद्य हवे आहे, त्याची ती इच्छा हास्यास्पद नाही. अस्पर्शित गिटार हा एक दस्तऐवज असतो. 1962 साली फुलर्टनमध्ये लॅकरचा थर किती पातळ देत, पिकअपला तार कशी गुंडाळत, हे तिच्यावरूनच कळते. अशी वाद्ये जपलीच पाहिजेत, आणि त्यांना जास्त पैसे मिळावेत हेही योग्य आहे. आमचा आक्षेप अस्सल वस्तूवर नाही. 'अस्सल' या शब्दाच्या लालसेने जे जे मोडले आणि दडपले जाते, त्यावर आहे. आत्म्याची भाषा करणाराही शेवटी तेच दडपतो, फक्त अधिक सुरेल आवाजात.

मग करावे काय? उत्तर आपल्या घरातच आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही येथे काढला. ज्ञानेश्वरीनंतर सुमारे तीनशे वर्षांनी एकनाथांनी तिच्या पाठांत शिरलेले अपपाठ दूर करून ती शुद्ध केली. हे काम त्यांनी गुपचूप केले नाही. शके 1506, म्हणजे इसवी सन 1584, हे वर्ष त्यांनी ग्रंथाच्या शेवटी नोंदवले, आपले नाव घातले, आणि आपल्या पदरची ओवी यात घालू पाहणाऱ्याला बजावून ठेवले. दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्तीवर सही करावी, हा धडा मराठीत त्याच्यापेक्षा जुना क्वचितच असेल. आज ज्ञानेश्वरी वाचणारा कोणीही तिला 'जोडग्रंथ' म्हणत नाही.

विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. 1919 साली आरंभ, 1966 साली समाप्ती. तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांनी आपण व्यासांचा मूळ ग्रंथ देत आहोत असा दावा केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागे गेलेली संहिता, एवढेच ते म्हणाले. ज्या शब्दाबद्दल पुरती खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा मारली, आणि गाळलेले पाठ फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. त्या आवृत्तीची प्रतिष्ठा तिच्या निर्भेळपणावर उभी नाही. कोठे काय सांधले आहे ते पानोपानी उघड करण्यावर ती उभी आहे. दर पानाचा खालचा भाग हा वरच्या भागाचा जामीन असतो.

काकांची वही ही त्या गिटारीची तळटीप आहे. बाजार तिला पुरावा समजतो, तोही विरुद्ध पक्षाचा! आम्ही तिला वाद्याचा सर्वांत अस्सल भाग समजतो. दांडीचेच घ्या. बदललेल्या दांडीच्या टाचेवर 1969 चा शिक्का आहे, आणि तिच्यावरची पट्टी भारतीय शिसवीची आहे. फेंडर कंपनी आधी ब्राझीलचे रोझवूड वापरी. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती आपल्याकडच्या शिसवीकडे वळली होती. पुढे 1992 साली ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले, आणि जुन्या पट्टीची गिटार परदेशी विकायची म्हणजे परवान्यांचे जंजाळ झाले. म्हणजे 'मूळ दांडी हवी' म्हणणाऱ्या ग्राहकाला तिची तारीख आणि लाकूड दोन्ही माहीत असलेली बरी. ही माहिती लपवून त्याचे भले होत नाही, आणि वही नसती तर ती आम्हालाही नसती. शिवाय चार स्क्रू काढायला पाच मिनिटे लागतात. ज्याला कळते त्याच्यापासून काही लपत नाही. लपते ते केवळ ज्याला कळत नाही त्याच्यापासून. 'न विचारता कशाला सांगायचं' या वाक्याचा अर्थ एवढाच, की अडाण्याला फसवा आणि जाणत्याला नमस्कार करा.

मिरजेचा तंबोरा विकत घेताना त्याची जवारी पहिलीच आहे काय असे कोणी विचारीत नाही. जवारी वाजवून झिजते आणि पुन्हा काढावीच लागते. विचारायचे ते शेवटची कोणी काढली हे. वाद्य हे वापरातले असते ही समज आपल्याकडे होती. फेंडरच्या रचनेतही तीच समज होती. ती हरवली ती वाद्याची गुंतवणूक झाल्यावर.

आमच्या या साऱ्या युक्तिवादावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो आम्हीच घेतो. पैसा काकूंचा आहे. त्यांच्या गुडघ्यावर आपली तत्त्वे उभी करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? वही दाखवली तर गिटारला 'ओरिजिनल' म्हणून मिळाले असते त्याच्या निम्मेही मिळणार नाहीत, असे त्या गृहस्थांनी बजावले आहे, आणि ते बाजार ओळखतात. वर्गात संहितेच्या प्रामाणिकपणावर बोलणे आम्हाला आजवर फुकट पडत आले. म्हणून हा निर्णय आम्ही घेतला नाही. सगळा हिशेब, दोन्ही सल्ले आणि अंदाजे रकमा काकूंसमोर ठेवल्या. त्या म्हणाल्या, "मोडून विकायची नाही. आणि त्यांनी एवढं लिहून ठेवलंय ते लपवायला काय? चोरी केली होती का त्यांनी?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण अगदी पाण्याच्या भावातही द्यायची नाही. दुरुस्तीला पैसे गेलेत." या दुसऱ्या वाक्यातला व्यवहार आमच्या सबंध लेखापेक्षा शहाणा आहे, हे मान्य करतो. दुरुस्ती म्हणजे वजाबाकी, हे गृहीत बाजाराचे. दुरुस्तीला पैसे, हात आणि वर्षे लागतात हे त्या घराला ठाऊक.

जाहिरात आम्ही लिहिली ती अशी : 'जॅझ बेस, 1960 च्या दशकातली, 1966 च्या आधीची नाही. बॉडी, पुढचा पिकअप, दोन खुंट्या, व्हॉल्यूमचे दोन पॉट, घोडीची पट्टी व क्रमांकाची चकती मूळची. दांडी 1969 ची, दुसऱ्या गिटारची. मागचा पिकअप पुन्हा गुंडाळलेला. दोन खुंट्या, पडदे व घोडीचे आधार बदललेले. रंग नवा. टोनचा पॉट बदललेला, वर्ष निश्चित नाही. 1974 पासून एकाच वादकाच्या हाती. कामांच्या नोंदींची वही सोबत. सुटे भाग विकणे नाही.' टोनच्या पॉटाच्या वर्षाखाली नागमोडी रेषा मारावी असे मनात आले होते, पण छापणाऱ्याला ती चूक वाटली असती.

आतापर्यंत चार जणांनी चौकशी केली. तिघांनी पहिला प्रश्न केला, सुटा पुढचा पिकअप द्याल काय. चौथा एक तरुण आहे, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. त्याने विचारले, वही खरेच सोबत मिळेल ना? त्याच्याकडे पैसे कमी आहेत, आणि बोलणी अजून चालू आहेत. वहीची झेरॉक्स आम्ही काढून ठेवली आहे. मूळ प्रत गिटारसोबत जाईल.